पन्नास वर्षांनी पुन्हा माथेरान : उतारावरच्या हॉटेलात आम्हा दोघांना राहणे झेपेल का?

प्रश्न (मुक्काम ठाणे)

सप्रेम नमस्कार.

माझे वय ७५ असून सौ. ७१ वर्षांची आहे. जानेवारी १९७६ मध्ये आमचे लग्न झाले आणि त्यानंतर आठवड्याभराने आम्ही दोघे पहिल्यांदा घराबाहेर मुक्कामाला गेलो ते माथेरानला. नेरळला उतरून छोट्या गाडीत बसलो, जुम्मापट्टी आणि वॉटरपाइप ही स्थानके मागे पडली, आणि वर पोहोचलो तेव्हा दोघांच्याही कपड्यांवर तांबडी धूळ बसलेली होती. ज्या घरगुती खाणावळीत आम्ही तीन दिवस राहिलो, ती आता राहिलेली नाही असे कळते. येत्या जानेवारीत या प्रवासाला पन्नास वर्षे होतील, म्हणून पुन्हा तिथेच जावे अशी सौ.ची फार इच्छा आहे आणि तिने एवढ्या वर्षांत स्वतःसाठी मागितलेल्या गोष्टी इतक्या थोड्या आहेत की ही इच्छा पुरी व्हावी असे मला मनापासून वाटते.

अडचण अशी की २०२३ मध्ये तिच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली आणि डावा गुडघाही आता दुखतो. सपाट रस्त्यावर काठी घेऊन, मध्ये एकदा बसून, ती साधारण एक किलोमीटर चालते. कठडा असेल तर दहा-बारा पायऱ्या चढते. त्याहून जास्त झाल्या तर रात्री गुडघा सुजतो. माझ्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीत २०१९ साली स्टेंट बसवला आहे, परंतु डॉक्टरांनी चालण्यास मनाई केलेली नाही, फक्त चढावर घाई करू नये असे सांगितले आहे.

मुलाने इंटरनेटवर एक रिसॉर्ट पसंत केला आहे. छायाचित्रांत डोंगराच्या उतारावर एकाखाली एक उतरत गेलेल्या खोल्या, प्रत्येक खोलीला दरीकडे उघडणारी गॅलरी आणि सर्वांत खाली पोहण्याचा तलाव दिसतो. दूरध्वनीवर चौकशी केली तेव्हा ‘आजी-आजोबांसाठी तळमजल्याची खोली देऊ, काही काळजी करू नका’ असे अगत्याने सांगण्यात आले. तरीही छायाचित्रे पाहून माझे समाधान होत नाही. गाडी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाही हे मला ठाऊक आहे. तेव्हा दस्तुरीपासून हॉटेलापर्यंत तिला कसे न्यावे, दरी दिसणारी खोली घ्यावी की घेऊ नये, आणि नेरळपासून छोट्या गाडीनेच जाण्याचा तिचा हट्ट पुरवावा का, याबद्दल ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. मुले म्हणतात की त्यापेक्षा महाबळेश्वरला जा, तिथे गाडी दारापर्यंत जाते. ते म्हणणे चूक नाही, पण आमच्या आठवणी माथेरानच्या आहेत.

उत्तर (साताऱ्याहून, निवृत्त बँक कर्मचारी)

दादा, आपले पत्र वाचून लगेच लिहायला बसले, कारण ‘तळमजला’ या एका शब्दापायी आम्हा दोघांचे चार दिवस वाया गेले आहेत आणि तसे आपले होऊ नये.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत आम्ही पाचगणीच्या एका हॉटेलात उतरलो होतो. हॉटेलाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला त्यांच्याशी भांडायचे नसून आपल्याला सावध करायचे आहे. आमचे यजमान ७४ वर्षांचे, दोन्ही गुडघे झिजलेले. आरक्षण करतानाच मी तळमजल्याची खोली मागून घेतली होती आणि पावतीवर तसे लिहूनही दिले होते. पोहोचल्यावर पाहते तो स्वागतकक्ष वर रस्त्याला लागून आणि आमची खोली त्याच्याखाली ५८ पायऱ्या. मी व्यवस्थापकांना विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की, बाई, ही त्या इमारतीच्या तळमजल्याचीच खोली आहे. त्यांचे बरोबरच होते. सपाट गावात तळमजला म्हणजे रस्त्याच्या पातळीवरची खोली, हे आपण गृहीत धरतो. उतारावर मात्र प्रत्येक इमारतीला स्वतःचा तळमजला असतो आणि सर्वांत खालच्या इमारतीचा तळमजला हा सगळ्या आवारातला सर्वांत खोल कोपरा असतो.

जेवणघर वर होते. सकाळची न्याहारी, दुपारचे जेवण आणि रात्रीचे जेवण असे तीन वेळा वर जाऊन खाली यायचे म्हटले, तर दिवसाला १७४ पायऱ्या चढायच्या आणि तितक्याच उतरायच्या. यजमानांनी पहिल्या दिवशी ते कसेबसे केले. दुसऱ्या दिवसापासून ते खोलीतच बसून राहिले आणि मी ताटे वरून मागवू लागले, तर ती गार होऊन येत. सामान आणि माणसे नेणारी बॅटरीवरची छोटी गाडी आहे असे जाहिरातीत लिहिले होते. ती चारही दिवस दुरुस्तीला गेलेली होती. पायवाटेला चकचकीत फरश्या बसवल्या होत्या, आणि सकाळी दवाने त्या इतक्या निसरड्या होत की मी त्यांचा हात धरून चालताना स्वतःच घाबरलेली असे. समोर कृष्णेचे खोरे, धोमचे पाणी, एवढे सुंदर दृश्य, आणि ते यजमानांनी पलंगावर पडल्या पडल्या पाहिले. आजही ते म्हणतात की दृश्य छान होते. मला मात्र त्याचे वाईट वाटते.

त्यानंतर मी एक पद्धत ठेवली आहे. मजला विचारायचाच नाही. ‘मी जिथे वाहनातून उतरेन तिथून खोलीच्या उंबरठ्यापर्यंत पायऱ्या किती, आणि खोलीपासून जेवणघरापर्यंत किती, हे मोजून सांगा’ असे विचारायचे. ‘थोड्याशाच आहेत’ हे उत्तर धरायचे नाही. शक्य असेल तर फाटकापासून खोलीपर्यंत न थांबता चालत जाऊन मोबाइलवर चित्रफीत काढून पाठवण्याची विनंती करायची. मी आतापर्यंत पाच हॉटेलांना अशी विनंती केली. तिघांनी दहा मिनिटांत पाठवली, एकाने दुसऱ्या दिवशी पाठवली आणि एकाने शेवटपर्यंत पाठवली नाही, तिथे आम्ही गेलो नाही. अशा चित्रफितीत कठडा एका बाजूला आहे की दोन्ही, पायरीची उंची सारखी आहे की नाही, रात्रीसाठी दिवे आहेत का, हे सगळे दिसते. स्नानगृहाचेही तसेच विचारून घ्या: कमोडजवळ धरायला दांडी आहे का, अंघोळीच्या जागी उंच कट्टा ओलांडावा लागतो का, आणि गरम पाणी दिवसभर असते की ठरावीक वेळेतच येते.

महाबळेश्वरबद्दल मुले म्हणतात ते खरे आहे, गाडी दारापर्यंत जाते. पण दारापासून पुढचा उतार तिथेही आहेच. शिवाय पाचगणीची उंची सुमारे १,३०० मीटर आणि महाबळेश्वरची त्याहून थोडी जास्त, माथेरानची मात्र ८०० मीटरच्या आसपास. जानेवारीत वेण्णा तलावाजवळ पहाटे जी थंडी पडते ती दुखऱ्या सांध्यांना सोसत नाही. वहिनींच्या मनात माथेरान आहे, तर माथेरानलाच जा.

उत्तर (माथेरानकर)

काका, काकूंना नमस्कार सांगावा. मी मूळचा माथेरानचा असून बारा-तेरा वर्षे इथल्या हॉटेलांत स्वागतकक्षात काम केले आहे. आधीच्या उत्तरात साताऱ्याच्या ताईंनी तळमजल्याबद्दल लिहिले आहे ते अक्षरशः खरे आहे, त्यामुळे ते पुन्हा लिहीत नाही. फक्त इथली जमीन कशी आहे ते सांगतो, म्हणजे आपल्याला खोली निवडता येईल.

माथेरान म्हणजे माथ्यावरचे रान, आणि हा माथा बराचसा सपाट आहे. बाजारपेठ, स्थानक आणि जुन्या बंगल्यांचा भाग या सपाटीवर येतो. कडे आहेत ते चहूबाजूंच्या टोकांना, म्हणजे आपण ज्यांना पॉइंट म्हणतो तिथे. जुने बंगले पारशी, बोहरी आणि इंग्रज कुटुंबांनी बांधले. त्यांत एका पातळीवर खोल्या, पुढे लांबरुंद व्हरांडा आणि भोवती झाडे अशी रचना असे, कारण त्यांना दरी पाहायची असली की ते चालत किंवा घोड्यावरून पॉइंटवर जात. यांतल्या काही बंगल्यांची पुढे हॉटेले झाली. दरीकडे तोंड करून उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरणाऱ्या खोल्या ही नंतरची रचना आहे. म्हणून जितके दृश्य जवळ, तितक्या पायऱ्या अधिक, आणि भाडेही अधिक. आपण पाहिलेला रिसॉर्ट दुसऱ्या प्रकारचा दिसतो. काकूंसाठी पहिल्या प्रकारचे, आणि शक्य तर स्थानकापासून हाकेच्या अंतरावरचे हॉटेल घ्यावे. दरी खोलीतून दिसणार नाही हे मान्य करावे लागेल. पण व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले की जांभळाच्या झाडांतून येणारे ऊन आणि पक्षी दिसतात, आणि काकूंना मनात येईल तेव्हा बाहेर जाता येते, आत येता येते.

आता येण्याबद्दल. दस्तुरी नाक्याला वाहने थांबतात. तिथून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर अंतर आहे, आणि काकूंनी ते चालण्याचा विचारच करू नये. दस्तुरीजवळच अमन लॉज स्थानक आहे आणि तिथून माथेरान स्थानकापर्यंत शटल गाडी धावते. हा सर्वांत सोपा मार्ग आहे, कारण माथेरान स्थानक बाजाराच्या मधोमध आहे. वाहनतळापासून अमन लॉजपर्यंत थोडे चालावे लागते, तेवढे काकू सावकाश चालू शकतील. सामानासाठी तिथेच हमाल मिळतो. पैसे आधी ठरवावेत आणि हॉटेलचे नाव सांगून द्यावे. शनिवार-रविवारी आणि सुट्यांना शटलला फार गर्दी होते, उभे राहून ताटकळावे लागते, म्हणून मधल्या वारी यावे.

आपल्या वेळी हातरिक्षा असत. माणसांनी माणसांना ओढत नेण्याची ती पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये अमानुष ठरवली आणि सहा महिन्यांत बंद करून त्याजागी ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला. माझ्या चुलत्यांनी आयुष्यभर हातरिक्षा ओढली, दम लागून ते साठीच्या आतच थकले, त्यामुळे हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता असे मला वाटते. ई-रिक्षा २०२२ च्या डिसेंबरात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या होत्या. आपण याल त्या दिवशी त्या कोणत्या वेळेत मिळतील आणि हॉटेलाच्या किती जवळ येतील हे निघण्याच्या आदल्या दिवशी हॉटेलालाच विचारून घ्या. घोड्यावर मात्र काकूंनी बसू नये. चढताना आणि विशेषतः उतरताना बदललेल्या गुडघ्याला जो पीळ बसतो तो धोक्याचा आहे.

छोट्या गाडीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण काकूंची इच्छा तीच आहे. ही गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने तिचा मार्ग बांधला. २००५ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि गाडी २००७ मध्ये पुन्हा आली. २०१९ च्या पावसातही तसेच झाले आणि नेरळपासूनची सेवा २०२२ च्या ऑक्टोबरातच परत सुरू झाली. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, जानेवारीत ती अडचण नाही. मात्र रूळ फक्त दोन फूट रुंदीचे आहेत, त्यामुळे डबे अरुंद आहेत, समोरासमोरच्या बाकांत गुडघे लांब करायला जागा कमी मिळते आणि २० किलोमीटरच्या प्रवासाला दोन तासांहून अधिक लागतात. एवढा वेळ गुडघा दुमडून बसणे काकूंना जमेल का, ते त्यांनीच ठरवावे. माझे मत विचाराल तर जाताना नेरळहून टॅक्सीने दस्तुरीला यावे आणि शटलने पुढे जावे. गाडी तीच, तांबडी माती तीच, फक्त वेळ थोडा. वर येऊन गुडघा शांत राहिला, तर परतीला नेरळपर्यंत गाडीने उतरण्याचा विचार करता येईल. बिघडला, तर टॅक्सी आहेच.

पॉइंट पाहायचे असतील तर सगळे पाहण्याची धडपड करू नये. बाजार सोडला की वाटा तांबड्या मातीच्या, मध्येच झाडांची मुळे वर आलेली अशा आहेत, आणि जांभ्याचे सुटे खडे काठीखाली सरकतात. हॉटेलापासून जो पॉइंट सर्वांत जवळ आणि सपाट वाटेवर असेल, तो एकच निवडून सकाळी नऊच्या सुमारास जावे. आणि खाण्याची पिशवी हातात मोकळी ठेवू नये. माकड झेप घेते तेव्हा माणूस दचकून तोल जातो, इथे पडण्याचे ते एक मोठे कारण मी पाहिले आहे.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, नाशिक)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. गुडघ्याच्या दृष्टीने काही गोष्टी सांगतो.

चढण्यापेक्षा उतरणे गुडघ्याला अधिक जड जाते, कारण उतरताना मांडीचे स्नायू ताणलेल्या अवस्थेत शरीराचा भार रोखून धरतात. म्हणून खोली स्वागतकक्षाच्या खाली असेल, तर पोहोचल्याबरोबरच, प्रवासाने थकलेल्या पायांवर, सर्वांत अवघड काम पडते. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी वर ठेवावा आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली ठेवावा. आजींचा आज अधिक दुखणारा पाय डावा दिसतो, तेव्हा काठी उजव्या हातात धरावी. काठीच्या टोकाचे रबर झिजले असेल तर निघण्यापूर्वी बदलून घ्यावे. ओल्या फरशीवर झिजलेले रबर घसरते.

जाण्याला अजून काही आठवडे आहेत. या काळात खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, जेवढे सहज जमेल तेवढे, दिवसातून दोन वेळा करावे आणि शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यावे. हॉटेलाच्या पलंगाची आणि खुर्चीची उंची विचारून ठेवावी. बुटक्या सोफ्यातून उठताना गुडघ्यावर जो भार येतो तो दहा पायऱ्यांपेक्षा अधिक त्रास देतो.

आजोबांसाठी एक खुलासा. ८०० मीटरवर हवेतला प्राणवायू जाणवण्याइतका कमी होत नाही; विरळ हवेचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. त्यामुळे माथेरानला छातीत दडपण आले किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर ‘उंचीमुळे होत असेल’ असे म्हणून थांबून राहू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर (डोंबिवलीहून)

शेवटचा परिच्छेद महत्त्वाचा आहे. माझ्या वडिलांना माथेरानमध्ये रात्री साडेदहाला अस्वस्थ वाटू लागले होते. रुग्णवाहिका आली, कारण रुग्णवाहिकेला तिथे मुभा आहे, पण फाटकापासून खोलीपर्यंतच्या उतारावर तिला येता आले नाही आणि चार जणांनी त्यांना खुर्चीत बसवून वर आणले. ते बरे झाले. तपासण्यांसाठी शेवटी खाली यावेच लागले, त्यात वेळ गेला. तेव्हा रुग्णवाहिका खोलीच्या किती जवळ येते हेही विचारा, आणि औषधांची यादी व हृदयाचे जुने कागद एका पिशवीत घालून पलंगाशेजारी ठेवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (मुक्काम ठाणे)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल आम्ही दोघेही ऋणी आहोत. सगळी उत्तरे मी सौ.ला मोठ्याने वाचून दाखवली.

मुलाने निवडलेल्या रिसॉर्टला मी पुन्हा दूरध्वनी केला आणि मजला न विचारता पायऱ्या विचारल्या. त्यांनी मोजून कळवले: स्वागतकक्षापासून खोलीपर्यंत ४३, आणि जेवणघर पुन्हा वर. मोजून सांगितल्याबद्दल त्यांचे आभार मानले आणि नकार दिला. त्यानंतर स्थानकाजवळच्या तीन ठिकाणी चौकशी केली. त्यांतल्या एकाने चित्रफीत पाठवली आहे. जुना बंगला आहे, फाटकापासून व्हरांड्यापर्यंत सात पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, आणि जेवणघर त्याच व्हरांड्याच्या टोकाला. दरी दिसत नाही. स्नानगृहात दांडी नव्हती. आम्ही येण्यापूर्वी बसवून घेऊ असे मालकांनी स्वतःहून सांगितले. रुग्णवाहिका फाटकापर्यंत येते.

सौ.ने ती चित्रफीत चार वेळा पाहिली आणि व्हरांड्यातली वेताची खुर्ची बुटकी आहे हे माझ्या आधी तिच्या लक्षात आले, त्यामुळे घरची जाड उशी बरोबर न्यायची आहे. कालपासून ती आमच्या जिन्याच्या सात पायऱ्या सकाळ-संध्याकाळ एकदा चढून-उतरून पाहते. छोट्या गाडीबद्दल तिने माथेरानकरांचे म्हणणे मानले आहे: जाताना शटल, आणि येताना नेरळपर्यंत गाडी की टॅक्सी, ते गुडघा सांगेल.

२६ जानेवारीला जोडून आलेली सुटी टाळून मंगळवार १३ ते शुक्रवार १६ जानेवारी असे दिवस ठरवले आहेत. मुलगा दस्तुरीपर्यंत सोडायला येईल. संक्रांत त्यातच येते, म्हणून तिळगुळाचा डबा सामानात वेगळा काढून ठेवला आहे. माथेरानकर, आपण त्या दिवसांत गावी असाल तर जरूर या. काकूंनी तसे मुद्दाम लिहायला सांगितले आहे.